दांडीच्या बुडाशी लिहिलेली तारीख

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९५० नंतरच्या दशकात तयार झालेली एखादी फेंडर गिटार पालथी ठेवून तिच्या पाठीवरील पोलादी पट्टीचे चार स्क्रू काढले आणि दांडी खोबणीतून हलकेच उचलून वेगळी केली, म्हणजे त्या दांडीच्या बुडाशी, जेथे वादकाची नजर जन्मात एखाद्या वेळीही पोहोचत नाही, तेथे पेन्सिलीने लिहिलेला महिना, वर्ष आणि पुष्कळदा दोन आद्याक्षरे आढळतात. त्यांपैकी ‘टी. जी.’ ही अक्षरे टाडेओ गोमेझ या कारागिराची होत. वादकाच्या तळव्यात अलगद सामावेल अशी गोलाई दांडीला देणे हे त्याचे काम. ही अक्षरे गिऱ्हाइकासाठी लिहिलेली नव्हती. ‘ही दांडी माझ्या हातून गेली आहे’ एवढीच कबुली त्यांत होती, आणि ती कारखान्याच्या चार भिंतींपुरतीच होती. परंतु वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर याच अक्षरांच्या शोधात लोक गिटारी उघडून पाहू लागले आणि त्या तारखेवर वाद्याचे मोल ठरू लागले. हे कसे घडले त्याचा इतिहास म्हणजे मालाचा दर्जा आणि गिऱ्हाइकाची निष्ठा यांच्या परस्परसंबंधाचाच इतिहास होय.

संस्थापक लिओ फेंडर (१९०९–१९९१) याचे शिक्षण हिशेबनिशीचे. एक डोळा त्याने बालपणीच गमावलेला. आणि ज्या वाद्याने त्याचे नाव जगभर नेले ते वाद्य त्याला अखेरपर्यंत वाजविता आले नाही. १९३८ मध्ये त्याने फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. ध्वनिवर्धक आणि गिटारी दुरुस्तीसाठी घेऊन येणाऱ्या वादकांच्या सहवासात त्याला जे ज्ञान मिळाले ते बिघडलेल्या वस्तूंनी दिलेले ज्ञान होते, आणि त्याचा ठसा त्याच्या सर्व निर्मितीवर उमटला आहे. परंपरेने गिटारीची दांडी अंगाला सरसाने कायमची जोडलेली असे. लिओने ती चार स्क्रूंनी बसविली, कारण झिजलेला अथवा वाकलेला भाग काढून दुसरा घालता आला पाहिजे, ही दुरुस्ती करणाऱ्याची साधी अपेक्षा होती. १९५० मध्ये एस्क्वायर व ब्रॉडकास्टर, दुसऱ्या वर्षी टेलिकास्टर हे नाव आणि प्रिसिजन बेस, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर, अशी एकामागून एक वाद्ये या कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्या सर्वांच्या रचनेत हे दुरुस्तीचे शहाणपण भरलेले होते.

अशा वाद्यात तपासावयाचे तरी काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. पोकळ तुंब्याऐवजी येथे ॲश किंवा अल्डर झाडाचे भरीव लाकूड, त्याच्या खोबणीत मेपलची दांडी, दांडीवर धातूचे २१ पडदे, आणि २५.५ इंचांच्या अंतरात ताणलेल्या सहा तारा. एकच पडदा केसभर उंच राहिला तर त्याच्या अलीकडील स्वर खरखरतो. दांडीच्या माथ्याशी असलेल्या तारगहनातील खाचा उथळ राहिल्या तर पहिल्या पडद्यांवरील स्वर चढे लागतात, आणि जास्त खोल गेल्या तर मोकळी तारच कुरकुरते. लाकूड पुरते वाळण्यापूर्वी पडदे बसविले तर ते पुढे आकसून पडद्यांची टोके बोटांना बोचू लागतात. तारांखालचे पिकअप म्हणजे लोहचुंबकाच्या सहा कांड्यांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे ८००० वेढे. हे वेढे किती झाले, किती ताणाने बसले, यावर आवाजाची प्रकृती अवलंबून. यांपैकी एकही दोष दुकानाच्या काचेतून दिसत नाही. तो बोटांना आणि कानांनाच कळतो, आणि तोही बहुधा पैसे मोजून झाल्यावर.

आपल्याकडील मिरजेच्या तंतुवाद्यकारांना हे नव्याने सांगावयास नको. ज्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते, ते हे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी लावताना कानशीचा एकेक हात फिरवून पुन:पुन्हा तार छेडून पाहतात. कारण धातू, हाड आणि लाकूड यांच्या भेटीत किती अल्प अंतराने स्वर फुलतो किंवा मरतो हे त्यांच्या कानाला ठाऊक असते. मात्र तेथे घडविणारा आणि पारखणारा हे बहुधा एकाच घरातले असतात. फुलर्टनच्या कारखान्यात एक गिटार अनेकांच्या हातांखालून जात असे. म्हणून जबाबदारी कोणा एकाच्या नावावर राहावी यासाठी काहीतरी खूण हवी, आणि पेन्सिलीतील ती अक्षरे ही त्या गरजेची अगदी साधी पूर्तता होती.

परंतु कारखान्यातील तपासनीस कितीही दक्ष असला तरी खरा तपासनीस बाहेर असतो, ही गोष्ट लिओच्या मनावर फार लवकर ठसली. कठीण मेपलच्या दांडीला आतून पोलादी सळईचा आधार लागत नाही अशी त्याची प्रारंभी समजूत होती; परंतु पहिल्या एस्क्वायरांपैकी पुष्कळांच्या दांड्या तारांच्या ताणाने वाकल्या, त्या हमीखाली बदलून द्याव्या लागल्या, आणि सळई दांडीत आली ती कायमची. टेलिकास्टरच्या चौकोनी कडा बरगड्यांना आणि हाताला रुततात अशी तक्रार बिल कार्सन प्रभृती वादकांनी केली, आणि स्ट्रॅटोकास्टरचे अंग शरीराला धरून वळले. नवे वाद्य विक्रीला काढण्यापूर्वी लिओ ते स्थानिक वादकांच्या हाती देई आणि ते काय म्हणतात हे ऐकून घेई. स्वत: वादक नसल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या बोटांवर विसंबावे लागले, परंतु या विसंबण्यातूनच वादकांशी त्याचे जे नाते जुळले ते कोणत्याही जाहिरातीने जुळले नसते. ज्याची तक्रार वाद्यात उतरते, त्याला ते वाद्य अंशत: आपलेच वाटू लागते, निष्ठेचे मूळ मला येथे दिसते.

१९५४ मध्ये फॉरेस्ट व्हाइट हा कारखान्याचा कारभार पाहण्यास आला आणि जे काम आजवर उत्साहावर चालले होते त्याला शिस्त लागली. १९५६ मध्ये अबिगेल यबारा नावाची तरुणी कामाला लागली आणि पिकअप गुंडाळू लागली. हिच्याकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

मागणी इतकी वाढली की पुरवठा अपुरा पडू लागला. लिओच्या प्रकृतीला जुन्या संसर्गाने ग्रासले. आणि जानेवारी १९६५ मध्ये त्याने ही सारी मिळकत ‘सीबीएस’ या बलाढ्य नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. नव्या मालकांनी दर्जा उतरविण्याचा हुकूम काढला नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. दर्जा अशा हुकमाने उतरतही नाही. उत्पादन वाढवावे, खर्च आवरावा, प्रत्येक कामाला लागणारी मिनिटे थोडी कमी व्हावीत, असे एकेकटे पाहता रास्त वाटणारे निर्णय वर्षामागून वर्षे होत गेले, आणि त्या सर्वांचा भार अखेर खोबणीच्या त्या एका जोडावर येऊन पडला.

या अवनतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तीन स्क्रूंची स्ट्रॅटोकास्टर. १९७१ च्या सुमारास चार स्क्रूंच्या जागी तीन स्क्रू आले आणि दांडीचा कल लहानशा किल्लीने बदलण्याची सोय त्यांबरोबर आली. कल्पना वाईट नव्हती; लिओने पुढे ज्या नव्या संस्थांसाठी वाद्ये रचली त्यांत तीन स्क्रूंचीच योजना होती आणि ती उत्तम चालली. परंतु तीन स्क्रूंवर भिस्त ठेवावयाची तर खोबण दांडीला घट्ट बसेल अशीच कोरली पाहिजे. सीबीएसच्या काळातील कित्येक गिटारींत ती सैल राहिली. दांडी बाजूला सरकू लागली आणि कडेची तार पडद्यावरून घसरू लागली. लोकांनी दोष तीन स्क्रूंना दिला, पण दोष खरोखर त्या तपासनिसाच्या जागेचा होता, जेथे बसून ‘ही खोबण सैल आहे, हे वाद्य पुढे जाणार नाही’ असे म्हणणारे कोणी उरले नव्हते. पॉलिएस्टरच्या रोगणाचे जाड थर आणि अंगाचे वाढते वजन यांचीही कथा याहून निराळी नाही.

तसे म्हणणारा एक मनुष्य पूर्वी होता. ट्रान्झिस्टरवर चालणारे नवे ध्वनिवर्धक लिओच्या नावाला शोभणारे नाहीत असे फॉरेस्ट व्हाइटचे मत झाले. त्यांना मंजुरी देण्याचे त्याने नाकारले आणि तो नोकरी सोडून गेला. दर्जाची राखण म्हणजे मोजमापाची यंत्रे आणि तपासणीचे तक्ते एवढेच नव्हे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरल्यावर त्याची जागा शाबूत राहते काय, यावर ती अवलंबून असते. व्हाइट गेला त्या दिवशी एक मनुष्य तर गेलाच, पण तो अधिकारही गेला.

मग तो अधिकार गिऱ्हाइकांनी आपल्या हाती घेतला. वादक नव्या गिटारी सोडून जुन्या शोधू लागले. ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द पारख्यांच्या बोलीत रूढ झाला, आणि गहाणवटीच्या दुकानांत धूळ खात पडलेली वाद्ये पुन्हा हाती आली. १९७० मध्ये एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानात सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर अल्प किमतीला घेतल्या, तीन मित्रांना भेट दिल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ ही आपली विख्यात गिटार सिद्ध केली. २००४ मध्ये ती लिलावात ९,५९,५०० डॉलरांना गेली. तीन गिटारींतून एक गिटार सहज जुळून यावी, हे लिओच्या चार स्क्रूंचेच देणे होते. ज्या रचनेने दुरुस्ती सुलभ केली तिनेच गिऱ्हाइकाला नव्या मालापासून स्वतंत्र केले.

तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९६५ ही काही जादूची रेषा नव्हे. वुडस्टॉकच्या महोत्सवात १९६९ मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या हाती जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती ती १९६८ सालची, म्हणजे सीबीएसच्याच कारभारातील. चांगली वाद्ये त्या काळातही निघत होती. नाहीशी झाली होती ती खात्री. जुन्या गिटारीकडे वळणारा मनुष्य प्रत्येक जुने वाद्य अद्वितीय आहे असे मानत नव्हता. न पाहता विश्वास टाकावा असे नवे वाद्य त्याला मिळत नव्हते, एवढेच त्याचे म्हणणे होते.

१९८१ मध्ये सीबीएसने यामाहा संस्थेतून विल्यम शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांना बोलाविले. त्यांनी प्रथम चार स्क्रू परत आणले. त्यानंतर त्यांना जे करावे लागले ते संस्थेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण कृत्य आहे: १९५२, १९५७ आणि १९६२ सालच्या नमुन्यांवरून पुन्हा गिटारी करावयाच्या तर आपल्याच जुन्या वाद्यांची मापे नव्याने घेणे त्यांना भाग पडले. जे ज्ञान कारखान्याच्या दप्तरात राहिले नव्हते ते गिऱ्हाइकांनी जपलेल्या वाद्यांत शिल्लक होते. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, जपानमध्ये फेंडरची शाखा निघाली आणि फुजिगेन या कारखान्याच्या वाद्यांनी सिद्ध केले की चोख काम ही कोणा एका गावाची मिरासदारी नव्हे.

१९८५ मध्ये शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संस्था विकत घेतली ती १ कोटी २५ लाख डॉलरांना, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या किमतीहूनही कमी रकमेस. फुलर्टनच्या इमारती व यंत्रे त्या व्यवहारात नव्हती. काही काळ फेंडरपाशी नाव, नमुने आणि थोडी जाणती माणसे एवढेच भांडवल होते. जवळच्या कोरोना या गावी त्यांनी नवा, लहान कारखाना उभारला आणि १९८७ मध्ये तेथे निवडक कारागिरांची खास कार्यशाळा काढली. गिऱ्हाईक हळूहळू परतले. त्यांची निष्ठा या संस्थेने गमावली होती, पण नष्ट केली नव्हती. ती मधल्या काळात जुन्या वाद्यांच्या आश्रयाला गेली होती.

 

आता अबिगेल यबाराकडे वळू. १९५६ मध्ये आलेली ही स्त्री लिओच्या काळात पिकअप गुंडाळीत होती, सीबीएसच्या काळातही कारखान्यात होती, आणि कोरोनाच्या खास कार्यशाळेत तिने गुंडाळलेल्या पिकअपांसाठी वादक जादा पैसे मोजीत होते. ती निवृत्त झाली २०१३ मध्ये. तिच्या या दीर्घ सेवेने एका सोयीच्या समजुतीचे निरसन होते. जुने हात गेले म्हणून दर्जा गेला, असे आपण म्हणतो. पण येथे हात तोच होता, बोटे तीच होती. कमी झाली होती ती त्या बोटांना मिळणारी सवड, आणि न साधलेले काम बाजूला ठेवण्याची मुभा. ती पुन्हा मिळाली तेव्हा तेच हात पुन्हा नामांकित झाले.

पेन्सिलीच्या त्या अक्षरांची प्रथा १९६२ च्या प्रारंभीच सरली आणि त्यांच्या जागी रबरी शिक्का आला; लिओ तेव्हा अजून मालक होता, म्हणून शिक्क्याला अपराधी ठरविणे बरोबर होणार नाही. शिक्क्यामागेही माणूस असू शकतो. गिऱ्हाइकाला कारागिराचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु जो भाग तो कधीच उघडून पाहणार नाही, त्याच्याविषयी उत्तर देणारे कोणीतरी तेथे आहे, एवढ्या भरवशावरच तो आपल्या कष्टाचे पैसे मोजतो. टाडेओ गोमेझ महिना आणि वर्ष लिहून दांडी पुढच्या बाकाकडे सरकवीत असे, तेव्हा त्याने तो भरवसा दिलेला असे, आणि मग चार स्क्रू त्याच्यावर घट्ट आवळले जात.