पारख कोणाची, मेहनत कोणाची?

आमच्या लेडीज होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये दोनच गोष्टींवरून भांडणं होतात. एक रिमोट आणि दुसरी म्हणजे प्रो कबड्डीचा लिलाव. (हो, मुलीही कबड्डी बघतात. आश्चर्य वाटत असेल तर खुशाल पान उलटा!) लिलाव सुरू झाला की जी ती निवड समितीवर बसते. "एवढे पैसे? याला?" "अगं, तो संपलाय आता!" आणि शेवटी हमखास एक प्रश्न निघतो. खेळाडू ओळखण्यात आणि घडवण्यात सगळ्यात हुशार संघ कुठला? लगेच कोणीतरी म्हणतं, "पाटणा! २०१६ मध्ये दोनदा आणि २०१७ मध्ये परत, सलग तीनदा जिंकले." झालं, विषय संपला.

मला विचाराल तर विषय खरा तिथून सुरू होतो.

मित्रमैत्रिणींनो, एफिशियन्सी म्हणजे काय, हे आपण फर्स्ट इयरपासून घोकतोय. नुसतं आउटपुट बघून मशीनला मार्क देता येत नाहीत, आत काय टाकलं होतं हेही विचारावं लागतं. खान्देशात तर हे इंजिनिअरिंगला न जाताही कळतं. जिनिंगमध्ये रुईचा उतारा चांगला पडला तर श्रेय जिनिंगच्या मशीनचं, की वाणाचं, की वेळेवर वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याचं? संघाचंही तसंच आहे. पारख, म्हणजे चांगला पोरगा लवकर ओळखणं, हे एक काम. आणि घडवणं, म्हणजे मिळालेल्या पोराला आहे त्यापेक्षा चांगला करणं, हे वेगळं काम. एखादा संघ पहिल्यात हुशार आणि दुसऱ्यात ढ असू शकतो. ट्रॉफी मात्र दोन्हींची मिळून एकच असते, शिवाय त्यात नशीब मिसळलेलं असतंच.

हा हिशोब मन लावून करणारे लोक म्हणजे ऑस्ट्रेलियातले फुटबॉलवाले. त्यांचा फुटबॉल निराळाच, अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला अठरा जण. तिथे पैशांचा लिलाव नसतो, १९८६ पासून ड्राफ्ट आहे. साधारण अठरा वर्षांची पोरं असतात, क्लब पाळीपाळीने एकेकाला उचलतात, आणि आदल्या वर्षी जो तळाला होता त्याची पाळी पहिली. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या कपाळावर एक नंबर लागतो. फंडा असा, की आजवर त्या नंबरला घेतलेल्या खेळाडूंनी सरासरी किती खेळ दिला ते काढायचं आणि आपला पोरगा त्याच्या वर गेला की खाली, एवढंच बघायचं. पहिल्या नंबरचा पोरगा चांगला निघाला तर त्यात काय मोठं? तो सगळ्यांनाच हवा होता. पन्नासच्या पुढचा निघाला, तर तिथे कोणाची तरी नजर किंवा कोणाची तरी मेहनत आहे.

२००१ चा त्यांचा ड्राफ्ट फार गाजलेला. पहिला ल्यूक हॉज, तिसरा ख्रिस जड, दोघंही पुढे मोठे झाले. पण त्याच ड्राफ्टमध्ये ५८ व्या नंबरला कॉलिंगवूडने डेन स्वान घेतला आणि त्याला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं २०११ मध्ये. बरोबर दहा वर्षांनी! २००२ मध्ये कोणी कॉलिंगवूडच्या ड्राफ्टला मार्क द्यायला बसलं असतं तर स्वानच्या रकान्यात काय लिहिलं असतं? त्याच वर्षी ४० व्या नंबरला गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियर गेला. तो दोनदा ब्राउनलो विजेता आहे, पण इथे फसू नका. त्याचे वडील त्याच जिलाँग क्लबकडून खेळलेले होते आणि बापाच्या क्लबला मुलावर पहिला हक्क असा तिथे नियमच आहे. म्हणजे ४० हा नंबर त्याची खरी किंमत सांगतच नव्हता. मोजपट्टी वापरायच्या आधी ती मोजपट्टीच तपासायची असते, हे लॅबमध्ये झीरो एररच्या वेळी ऐकलेलं वाक्य मला इथे पटलं.

आता आपल्या मॅटवर येऊ. प्रो कबड्डीत नंबर नाही, पण किंमत आहे. मग किंमतच मोजपट्टी धरू. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांत घेतलं. त्या एका सीझनमध्ये त्याने दोनशेच्या वर गुण काढले आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. एका वर्षात जवळजवळ चौपट! पारखीचे मार्क निर्विवाद मुंबईचे. पण गंमत बघा, एवढं करून तो खेळाडू त्यांच्याकडे राहिला नाही. नजर असणं आणि तिचा फायदा आपल्याच घरात राहणं, यात फरक आहे.

किंमत फसवतेही. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २.२६ कोटी लावले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, सीझन संपला. याला चुकीची पारख म्हणायचं का? मी म्हणणार नाही. आणि त्याच सीझनमध्ये त्यांच्या नरेंदर नावाच्या नव्या पोराने दोनशेच्या वर गुण काढून संघाला सेमीफायनलला नेलं. नव्या तरुण खेळाडूंना संघ लिलावाच्या बाहेरून, ठरावीक रकमेवर घेतात, म्हणजे किमतीच्या हिशोबात नरेंदर जवळजवळ फुकट. एकाच संघाचं, एकाच वर्षाचं प्रगतिपुस्तक, आणि त्यात हे दोन्ही शेरे!

मग नुसते गुण मोजू? तिथेही भानगड आहे. चढाईपटू बाद झाला की त्याच्या संघाने गुण मिळवल्याशिवाय तो परत मॅटवर येत नाही. म्हणजे मागे बचाव मजबूत असेल तर तो लवकर परत येणार, जास्त चढाया करणार, जास्त गुण काढणार. गुण त्याच्या नावावर, पुण्याई बचावाची. आणखी एक. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद, हीच ती 'डू ऑर डाय'. पुष्कळ संघ इथे आपला हुकमी एक्का बाहेर जायला नको म्हणून नवख्याला पुढे करतात. बिचारा सगळ्यात अवघड पेपर देतो आणि निकालात सगळ्यात खाली दिसतो. म्हणून एकूण गुणांपेक्षा दर चढाईमागे किती गुण आणि कुठल्या प्रकारच्या चढाईत, हे बघायला हवं. टीव्हीवर मात्र एकूण गुणांचीच पाटी झळकते.

घडवण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्रदीप नरवाल. २०१५ मध्ये तो बेंगळुरू बुल्समध्ये होता, मोजकेच सामने मिळाले. पुढच्या सीझनला पाटण्याला गेला आणि २०१७ मध्ये एका सीझनमध्ये ३६९ चढाई गुण! आता त्याला आधी आणलं कोणी? बेंगळुरूने. मग पाटण्याने असं काय केलं? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी त्याला खेळू दिलं. एखादी चढाई फसली तरी पुढच्या चढाईला परत तोच. कोचिंग, डाएट, जिम हे सगळं असतंच हो, पण अठरा-वीस वर्षांच्या पोराला मॅटवरची मिनिटं मिळाली नाहीत तर बाकी सगळी थिअरीच. वर्कशॉपमध्ये न शिरता लेथ शिकल्यासारखं.

म्हणून मला पुणेरी पलटण हा अभ्यासाला सगळ्यात चांगला संघ वाटतो. (आपल्या राज्याचा आहे म्हणून नव्हे. बरं, थोडं तेही आहे.) त्यांनी 'युवा पलटण' नावाने स्वतःची पोरं तयार करायला घेतली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आठवा सीझन सुरू झाला तेव्हा संघात नितीन तोमर आणि राहुल चौधरी असे नावाजलेले चढाईपटू होते. तरी सीझन संपेपर्यंत चढायांचा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांच्या अंगावर आला होता. अस्लम आपल्या शेजारच्या, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातला. पुढचं तुम्हाला माहीत असेलच. २०२२ मध्ये फायनल हरले, १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून जिंकले, अस्लम कॅप्टन. मध्ये २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात अस्लम होता आणि पलटणचाच आकाश शिंदेही.

पण थांबा. त्याच विजेत्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता आणि त्याच्यासाठी पुण्याने २.३५ कोटी मोजले होते. संघाची एकूण थैली ५ कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी एका माणसावर! मग ट्रॉफी घडवलेल्या पोरांची की विकत घेतलेल्या शादलूची? इथे मला खरी मेख सापडली. घरची पोरं थोड्या पैशांत तयार होती म्हणूनच निम्मी थैली शादलूवर रिकामी करता आली. घडवण्याचा फायदा नुसता त्या पोराच्या गुणांत दिसत नाही, तो दुसऱ्याच खेळाडूच्या नावापुढेही जमा होतो. आणि शादलूला भारतात प्रथम आणलं कोणी? पाटण्याने, २०२१ च्या लिलावात, ३१ लाखांत. पुण्यानंतर तो २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि २०२४ च्या शेवटी हरियाणा जिंकलं. पारख पाटण्याची, ट्रॉफ्या दुसऱ्यांच्या घरी. त्या २०२४ च्या सीझनमध्ये पुणे प्ले-ऑफलाही पोचलं नाही आणि २०२५ मध्ये परत फायनलला गेलं, दिल्लीकडून २८-३१ ने हरलं. माझ्या दृष्टीने हे परत येणं ट्रॉफीपेक्षा मोठा पुरावा आहे. विकत घेतलेला संघ एकदा कोसळला की परत विकतच घ्यावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. वरची सगळी नावं यशस्वी झालेल्यांची आहेत. छेद कुठाय? एका संघाने तीन पोरं घेऊन एक घडवला आणि दुसऱ्याने तीस घेऊन एक घडवला, तर टीव्हीवर दोघांचा एकच हिरो दिसतो. उरलेले दोन किंवा एकोणतीस कुठे गेले, कोणी विचारत नाही. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत आपल्या भागात चौकाचौकात इंजिनिअरिंगचे प्लेसमेंटचे बोर्ड लागतात ना, हसरे फोटो आणि पॅकेज? तेच गणित. एकूण किती मुलं होती ते बोर्डावर नसतं, आणि ती मुलं सीईटीला किती पर्सेंटाइल घेऊन आली होती तेही नसतं. ९९ वाल्याला नोकरी लागली तर त्यात कॉलेजचं काय गेलं? ५५ वाल्याला शिकवून उभं केलं, तर तो उतारा खरा. मुलींचं तर विचारूच नका, २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन संघांची विमेन्स कबड्डी चॅलेंज झाली आणि पुढे चालूच राहिली नाही. छेदही नाही आणि अंशही नाही.

माझे मामा धुळे जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत पी.टी. शिकवतात. निवड चाचणीला पोरं घेऊन जातात. परत आले की बऱ्याचदा एकच वाक्य, अहिराणीत, "पोऱ्या अजून वाढना नही." (माझी अहिराणी कॉन्व्हेंटवाली आहे, कळते सगळी, बोलले की मामी हसते.) चौदा वर्षांच्या आतल्या गटात वय १ जानेवारीला मोजलं, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा एकाच गटात उभे. त्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि पाच-सहा किलो सहज. निवडणाऱ्याला वाटतं आपण गुण ओळखला, खरं तर त्याने वाढदिवस ओळखलेला असतो. कॅनडात आइस हॉकीत हे १९८० च्या दशकातच आकडे मांडून दाखवलं होतं, वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं संघांत कितीतरी जास्त. आपल्याकडे जुन्या पिढीत हा अभ्यास करणं अशक्य, कारण शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून! आता जन्मदाखले असतात म्हणून करता येईल. आणि मोठा दिसतो म्हणून जो निवडला गेला, त्यालाच पुढे मॅट, कोच, सामने मिळतात. दोन वर्षांनी तो खरंच चांगला होतो आणि निवडणारा म्हणतो, "बघा, बरोबर ओळखला होता की नाही!"

मामांकडे एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. त्यांनी चाचणीला नेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात आहे, निवड झाली ती आणि नाही झाली तीही. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यात दोन रकाने वाढवून घेतले. एक जन्ममहिन्याचा, तो शाळेच्या रजिस्टरवरून दोन दिवसांत भरला. दुसरा, 'खेळ कधी सोडला आणि का'. तो भरायचा तर घरोघर जावं लागेल म्हणाले. कोणी सुरतला गेलाय, कोणी एमआयडीसीत लागलाय, कोणी बापाबरोबर शेतात आहे. रविवारी मोटरसायकल काढून जातात आणि मला फोनवर नावं सांगतात, मी इकडे एक्सेलमध्ये भरते. सव्वीस झालीत.