स्टीफन ब्लॅकपूलचा नकार

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ साली त्याच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कोकटाउन या कल्पित गिरणगावात ती घडते. स्टीफन ब्लॅकपूल हा तीतला चाळिशीचा साचेवाला. मुख्य कथा त्याची नव्हे. पण पुस्तक मिटल्यावर आम्हा युनियनवाल्यांना तोच आठवत राहतो. कारण तो युनियनमध्ये यायला नकार देतो.

स्लॅकब्रिज हा पुढारी भर सभेत त्याला फितूर ठरवतो. स्टीफन म्हणतो, माझी कारणे माझ्यापाशी, मला काम करू द्या. सभा त्याला वाळीत टाकते. चार दिवस त्याच्याशी कोणी शब्द बोलत नाही. मग मालक बाउंडर्बी त्याला बोलावतो, सोबत्यांची बातमी काढायला. आणि ज्यांनी टाकले त्यांचीच बाजू हा माणूस मालकाच्या तोंडावर मांडतो व नोकरी घालवून बसतो! वेळेवर वर्गणी भरणाऱ्यांपैकी किती जण एवढे करतील? आम्ही सभासदांची यादी डोळ्यांपुढे आणली, आणि उत्तर टाळले.

नकार कशासाठी? रेचलला त्याने वचन दिले होते, इतकेच कळते. मूळ मजकुरात खुलासा होता. रेचलच्या धाकट्या बहिणीचा हात गिरणीच्या यंत्रात गेला. संतापलेल्या स्टीफनला रेचलने शांत केले आणि त्यातून ते वचन आले. डिकन्सने तो भाग मुद्रितांतच गाळला. कादंबरीचे मोठे नुकसान झाले ते येथे. माणसाच्या नकारामागचा तुटलेला हात गेला, आणि उरला नुसता सोशिक संत.

स्लॅकब्रिजबद्दल आमची तक्रार आहे. १८५४ च्या जानेवारीत डिकन्स प्रेस्टनला गेला होता. दहा टक्के मजुरीवाढीसाठी तेथे झगडा चालू होता. कामगारांच्या सभेची शिस्त त्याने आपल्या लेखात वाखाणली; एका वाचाळ वक्त्याला अध्यक्षांनी गप्प बसवल्याचेही लिहिले. कादंबरीत मात्र वाचाळ तेवढा उरला, अध्यक्ष दुबळा झाला. अर्थात असले घसे आम्हीही ऐकले आहेत, हे कबूल.

पुढे बँकेतल्या चोरीचा आळ स्टीफनवर येतो. स्लॅकब्रिज इनामाची जाहिरात सभेत फडकावून त्याच्याविरुद्ध ठराव करवतो. खरा चोर ग्रॅडग्राइंडचा मुलगा टॉम. नाव धुऊन काढायला परतणारा स्टीफन पडक्या खाणीत कोसळतो. वर काढतात, पण वाचत नाही. ग्रॅडग्राइंड पुढे आपल्या सहीच्या पत्रकांनी त्याला निर्दोष ठरवतो. सभेने ठराव मागे घेतल्याचे मात्र पुस्तकात कोठे नाही.