लहान मुलं ‘करलं’ का म्हणतात? मोठ्यांची गाडी कुठे अडते?

‘मी करलं’ असं तीन वर्षांचं मूल म्हणालं की घरचे लगेच टोकतात, ‘करलं नाही, केलं!’ खरं तर काळजीचं कारण नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून मुलाने नियम स्वतःच शोधला आणि इथेही लावला. घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हेच. ‘केलं’ कानावर पडत राहिलं की ते बसतं.

आवाजांचं काम तर त्याआधीच होतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतली बाळं तपासली. हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना कळत होता, वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना नाही. हे संशोधन १९८४चं.

मोठेपणी अडतं ते इथेच. नोकरीसाठी पुण्यात आलेला हिंदी भाषक ‘शाळा’ची ‘शाला’ करतो. ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. आपण हसतो, तो पुन्हा हिंदीवर येतो आणि सराव तिथेच थांबतो. पण मोठ्यांना भाषा जमतच नाही, हा समज चुकीचा. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८च्या अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं आणि १२ ते १५ वर्षांची मुलं पुढे होती. सर्वांत मागे होती ३ ते ५ वर्षांची.