सिलिंडर कधीच रिकामा नसतो

शेगडीची ज्योत मंदावली की घरातलं कुणीतरी सिलिंडर दोन्ही हातांनी हलवून निकाल देतं, "संपला, आत काही नाही." तसं कधीच नसतं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळ आला की गॅसला बाहेर ढकलणारं कुणी उरत नाही, एवढंच. सिलिंडरची पोकळी तेव्हाही गॅसनं पूर्ण भरलेली असते. वायूला स्वतःचं आकारमान नाही. भांडं जेवढं, तेवढा तो पसरतो. त्यामुळे नुसत्या लिटरवरून वायू किती आहे हे कळत नाही. दाब आणि तापमानही सांगावं लागतं.

मग दाबाचा काटा बघितला की झालं? ऑक्सिजनच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. करोनाकाळात घरोघरी तोंडी झालेल्या जम्बो सिलिंडरची पोकळी असते सुमारे 47 लिटर. बाहेरच्या हवेच्या साधारण 150 पट दाबाखाली तिच्यात जो ऑक्सिजन मावतो, तो मोकळा सोडला तर सुमारे 7,000 लिटर भरतो. काटा निम्म्यावर आला की अंदाजे निम्मा उरला.

स्वयंपाकाच्या गॅसला मात्र हा हिशेब लावू नका. तो आत द्रवरूपात असतो. वापराल तसा थोडा द्रव उकळून वाफ होते आणि दाब सावरला जातो. द्रव आहे तोवर दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही. थंडीच्या पहाटे ज्योत मलूल दिसते ती यामुळेच. (म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको; तरी सांगतो.) खरा हिशेब वजनाचा. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ओलं फडकं फिरवून कुठवर ओल टिकते ते पाहणाऱ्या आज्याही चुकत नाहीत. खाली द्रव असतो, तिथलं पाणी सावकाश वाळतं.

जड वायूला जागा कमी लागते, असंही अनेकांना वाटतं. लागत नाही. 4 ग्रॅम हेलियम आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड एकाच दाबाला, एकाच तापमानाला जवळपास सारखीच जागा घेतात, कारण दोन्हींतल्या कणांची संख्या सारखी. ॲव्होगॅड्रोनं हे 1811 मध्ये मांडलं. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून तीन नव्हे, दोनच लिटर वाफ का होते, हे कोडं त्यानं सुटलं. डाल्टनला मात्र ते पटलं नाही. 1860 मध्ये कार्ल्सरूहेला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोनं हा विचार नव्यानं मांडला, तेव्हा ॲव्होगॅड्रोला जाऊन चार वर्षं झाली होती.

या 4 ग्रॅम हेलियमची किंवा 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची जागा म्हणून शाळेत पाठ केलेले 22.4 लिटर हे फक्त शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाचे. मुंबईच्या 27 अंशांत तेच 24.6 होतात.

आणि वाईहून पसरणीचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, तेव्हा आत नवा वायू शिरलेला नसतो. बाहेरची हवा विरळ झालेली असते. परतीच्या वाटेवर, फोडलं नसेल तर, ते पुन्हा सैल पडतं.