बारावीचा निकाल आणि भायखळ्याची वाट

भायखळा हे नाव देशावरील बागाईतदारास नवे नाही. भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ साली वाशीस हलला. तोपर्यंत जुन्नर, आंबेगाव, नाशिक या बाजूंचा माल रात्रभर प्रवास करून पहाटे भायखळ्याच्या मंडईत उतरे, आणि आडत्याकडून पट्टी हाती पडेपर्यंत मालधन्यास तेथेच ताटकळावे लागे. पुष्कळांची मुंबईची ओळख तेवढीच. परंतु ज्या भायखळ्यात राणीची बाग आहे (१८६२ साली खुली झालेली ही बाग मुळात एका शेतकी व बागाईत संस्थेच्या हातची, हे आमच्या सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे) त्याच भायखळ्यात पूर्वी एक विद्यालय होते. बारावी उतरलेल्या मुलांचा विषय निघाला की आम्हांस त्याची प्रथम आठवण होते.

राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने १८८७ साली या विद्यालयाची योजना झाली व १८८९ साली ते भायखळ्यास सुरू झाले. मुंबईत गिरण्या वाढल्या होत्या. त्यांतील यंत्रे चालविण्यास व दुरुस्त करण्यास माणसे हवी होती, आणि ती दरवेळी विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांनी हात सैल सोडला तो या गरजेपोटी. पुढे १९२३ साली हे विद्यालय माटुंग्यास गेले, १९९७ पासून त्यास वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले, आणि आज व्ही.जे.टी.आय. म्हणून मुले त्यात जागा मिळावी याकरिता दोन-दोन वर्षे शिकवण्या लावतात.

या विद्यालयाच्या भायखळ्यातील दिवसांत तेथे यंत्रांची रेखाकृती शिकविणारे एक तरुण शिक्षक होते. त्यांचे मूळ बेळगाव जिल्ह्यातील. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नव्हते. चित्रकला शिकावी म्हणून ते मुंबईस जे.जे. कलाशाळेत आले, तर त्यांस सर्व रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. रंगकाम सुटले, पण रेघ सुटली नाही. ते यांत्रिक रेखन शिकले आणि त्याच बळावर भायखळ्यास शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात लक्ष घालू लागले, मग कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा त्या वेळी शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार दिवस लागले. हे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर होत. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळांची पहिली खोल नांगरट त्यांच्याच नांगराने झाली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, लक्ष्मणरावांचा ‘निकाल’ सांगण्यासारखा नव्हता.

आता आजच्या निकालाकडे येऊ. २०२५ साली राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेस १४ लाख १७ हजार ९६९ विद्यार्थी बसले व १३ लाख २ हजार ८७३ उत्तीर्ण झाले. शेकडा प्रमाण ९१.८८. मुलींचे ९४.५८, मुलांचे ८९.५१. नऊ विभागांत कोकण विभाग ९६.७४ घेऊन वर, तर लातूर ८९.४६ घेऊन तळाशी. ज्या लातूरच्या नावाने गावोगावचे पालक मुले शिकवणीस धाडतात, तो विभाग तळाशी असावा हे पाहून काहींस नवल वाटले. परंतु शिकवणीचे लातूर आणि विभागाचे लातूर एक नव्हे. विभागात खेडोपाडीची शेकडो कनिष्ठ महाविद्यालये येतात, आणि निकाल त्या सर्वांचा मिळून असतो.

शंभरांतील एक्क्याण्णव उत्तीर्ण होतात, तेव्हा नुसत्या उत्तीर्ण होण्यावर पुढील वाट ठरत नाही हे उघड आहे. तरीही आमच्याकडे निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, टक्केवारीचा फलक चौकात लागतो, आणि वाट ठरली असे घरची मंडळी समजतात. प्रत्यक्षात वैद्यकीकरिता नीट, अभियांत्रिकी व शेतकीकरिता राज्याची सीईटी, या परीक्षांचे गुण निराळेच असतात. नीट ७२० गुणांची; पैकी निम्मे जीवशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. सीईटीस गुण कापीत नाहीत, पण तीत अकरावीचाही भाग येतो. अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजणाऱ्या मुलास ही गोष्ट फार उशिरा कळते. बोर्डात ऐंशी टक्के आणि सीईटीत जेमतेम, अशी मुले प्रत्येक गावात सापडतील. ती मठ्ठ नसतात. त्यांस कोणती परीक्षा कशासाठी, हे वेळेवर कोणी सांगितलेले नसते इतकेच.

आमची हयात महसुली दप्तरात गेली. गहाणखत अथवा खरेदीखताची नोंद फेरफारास घेताना ‘कारण’ असा रकाना नसतो, परंतु खातेदार तोंडाने सांगतोच. पूर्वी दोन कारणे कानी पडत, लग्न आणि विहीर. आमच्या नोकरीच्या उत्तरार्धात ‘मुलाचे कॉलेज’ हे तिसरे कारण त्यांच्या पंगतीस येऊन बसले. एका खातेदाराने पाटाखालची अडीच एकर काळी जमीन मुलाच्या वैद्यकीच्या जागेकरिता विकली, ती व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा होती. मुलगा पहिल्या वर्षीच अडखळला व परत आला. जमीन काही परत आली नाही. प्रवेशासाठी देणगी घेणे १९८७ च्या कायद्याने या राज्यात गुन्हा आहे. पण कोट्याची फी ही देणगी नव्हे, ती राजरोस असते, आणि तिच्यातच शेत जाते. आमचे मत स्पष्ट आहे: गुणांवर मिळेल त्या जागेसाठी कर्ज काढावे, कोट्याच्या जागेसाठी जमिनीस हात लावू नये. यावर काही वाचक आम्हांस जुन्या वळणाचे म्हणतील, खुशाल म्हणोत.

गुणांवर मिळणाऱ्या वाटा थोड्या नाहीत. भायखळ्यापासून लांब न जाताही त्या दिसतात. जे.जे. रुग्णालयाशी जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालचे. गोव्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड तेथील पहिल्या तुकडीतून बाहेर पडले, आणि राणीच्या बागेतील संग्रहालयास आज त्यांचेच नाव आहे. साबू सिद्दिक संस्थेत अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. विज्ञान घेऊन बारावी झालेल्या मुलास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आणि परळास १८८६ सालचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याकडे शेतकऱ्यांच्या मुलांनी पाठ फिरवावी याचे आम्हांस वाईट वाटते. प्रवेश नीटच्याच गुणांवर, साडेचार वर्षे अभ्यास व एक वर्ष उमेदवारी. आमच्या परिचयातील एका मुलीने ही वाट धरली तेव्हा भावकीने ‘ढोरांची डॉक्टरीण’ म्हणून हसून घेतले. तिच्या आजीने मात्र एवढेच विचारले, की गाभण म्हैस अडली तर माणसांचा डॉक्टर येतो काय? शेतकीचे म्हणाल तर राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार विद्यापीठे आहेत, आणि शेतकऱ्याच्या मुलास सातबाऱ्याच्या आधारे प्रवेशात जादा भारांक देण्याची पद्धत तेथे पडलेली आहे. त्याचे चालू वर्षाचे नियम माहितीपुस्तिकेतच पाहावेत, शेजाऱ्यास विचारून भागवू नये.

फीच्या बाबतीत दोन गोष्टी सांगून ठेवतो. राज्य सरकारने २०२४-२५ पासून, ज्यांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. अट अशी की प्रवेश केंद्रीय पद्धतीने झालेला असावा. दुसरी गोष्ट डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची. नोंदणीकृत मजुरांच्या व अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ही योजना आहे. मुंबईसारख्या ठिकाणी फीपेक्षा खोली व खाणावळ जड जाते, म्हणून तिचे मोल अधिक.

या सर्वांस कागद लागतात, आणि येथेच आमच्या लोकांचे घोडे अडते. निकाल लागल्यावर तहसील कचेरीसमोर जी रांग लागते ती आम्ही मेजाच्या पलीकडून अनेक वर्षे पाहिली. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मार्चअखेर संपलेला असतो, पण तो जूनमध्ये पेटीतून काढून पाहिला जातो. पुष्कळ बागाईतदार, आपले उत्पन्न जास्त म्हणून हा दाखला मिळणार नाही, असे समजून अर्जच करीत नाहीत. वस्तुतः मिळकतीच्या कसोटीत पगार व शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. बागाईत जमिनीच्या क्षेत्राची कसोटी तेवढी वेगळी आहे, व तीत फारच थोडे खातेदार अडकतात. जातपडताळणीस महिने लागतात, म्हणून तो अर्ज मूल अकरावीस असतानाच टाकावा.

सर्वांत घोटाळ्याचा कागद सातबाराच. आजोबा वारून बारा वर्षे झाली तरी उताऱ्यावर नाव त्यांचेच, चुलते मुंबईस, आत्या सासरी. मग बाप दोन हेक्टरांच्या आतला अल्पभूधारक आहे हे सिद्ध करावयाचे कशावरून? वारसनोंदीसाठी फेरफार धरला की संबंधितांस नोटीस निघते, हरकतीस १५ दिवस द्यावे लागतात, आणि एखाद्या भावाने हरकत घेतली तर ते प्रकरण त्या वर्षीच्या प्रवेशापर्यंत मिटत नाही. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. वारसाची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आदल्या दिवाळीत देऊन ठेवता येते.