मज्जेला खबर कोण देतं?

न्यूमोनियाच्या रुग्णाचा सीबीसी रिपोर्ट येतो. पांढऱ्या पेशी सात-आठ हजारांवरून अठरा हजारांवर गेलेल्या असतात. डॉक्टर मान डोलावतात, अँटिबायोटिक लिहून देतात आणि विषय संपतो. माझं कुतूहल मात्र नेमकं तिथेच अडून बसतं, आणि तेही कित्येक वर्षं. जंतू फुफ्फुसात आणि पेशींचा कारखाना छातीच्या, कमरेच्या हाडांत. मग कमरेच्या हाडाला फुफ्फुसातली खबर लागते तरी कशी?

रक्त हाडांच्या मज्जेत तयार होतं, हे १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवलं. हाडं शेगड्यात आवळून ते मज्जा पिळून काढत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. त्याच वर्षी इटलीत बित्सोझेरोही तिथेच पोचले. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं पेशींना नावं देण्यात आणि त्या नावांवरून भांडण्यात गेली. ती मी खुशाल गाळतो.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मेलबर्नमध्ये सापडलं, डोनाल्ड मेटकाफ या माणसाच्या कामात. १९५४ साली ते तिथल्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत कॅन्सर संशोधनासाठी आले आणि २०१४ मध्ये वारले तोवर ल्युकेमिया आणि रक्तनिर्मितीच्याच मागे राहिले. संस्थेचे संचालक मॅकफार्लेन बर्नेट यांना कॅन्सर संशोधनात फारसा राम वाटत नसे, म्हणजे सुरुवातीला पाठबळही बेताचंच.

साठच्या दशकाच्या मध्यावर मेलबर्न विद्यापीठातले रे ब्रॅडली अगरमध्ये पेशी वाढवत होते. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. त्यात उंदराच्या मज्जेतल्या पेशींचे नुसत्या डोळ्यांनाही दिसतील असे ठिपके उठले. एकेक ठिपका म्हणजे एका पेशीची पिलावळ, आणि ती पांढऱ्या पेशींची. मेटकाफ यांनी काम हातात घेतलं आणि १९६६ मध्ये दोघांचा निबंध आला. इस्रायलमध्ये प्लुझनिक आणि झाक्स यांनी १९६५ मध्येच असेच ठिपके प्रसिद्ध केले होते. मेख अशी की मज्जेच्या पेशी एकट्या ठेवल्या तर मरत. शेजारी दुसऱ्या पेशी किंवा त्यांचा स्राव असेल तरच ठिपके उठत. त्या स्रावात काहीतरी होतं. त्याला नाव पडलं सीएसएफ, म्हणजे कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर.

खरी गंमत इथून पुढे आहे. हा सगळा काचेच्या बशीतला खेळ आहे, जिवंत शरीरात याला अर्थ नाही, अशी शंका बरीच वर्षं घेतली गेली. शंका गैर नव्हती. बशीत काय वाट्टेल ते घडतं. पण मेटकाफ हटले नाहीत. जंतूंच्या कवचातलं विष, एंडोटॉक्सिन, उंदरांना टोचलं की काही तासांत त्यांच्या रक्तातलं सीएसएफ झपाट्यानं चढे. अशा उंदरांची फुफ्फुसं काढून द्रवात ठेवली तर ते द्रवात उतरे. त्या द्रवातूनच सीएसएफचे दोन प्रकार, १९७७ मध्ये जीएम-सीएसएफ आणि १९८३ मध्ये जी-सीएसएफ, शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. संसर्ग झाल्याची खबर फुफ्फुसच रक्तात सोडत होतं! निम्मं आयुष्य एका थेंबाच्या मागे घालवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि त्याला बशीत रमलेला म्हणणाऱ्यांबद्दल थोडा रागही.

माणसाच्या मज्जेत रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. रक्तात जेवढ्या फिरतात त्याच्या कितीतरी पट मज्जेत राखीव असतात. संसर्ग झाला की आधी ही शिल्लक बाहेर पडते, पाठोपाठ अर्धवट पिकलेल्या पेशीही. वुर्झबर्गचे योझेफ आर्नेट १९०४ मध्ये न्यूट्रोफिलच्या केंद्रकाच्या पाकळ्या मोजून हेच ओळखत होते. मग उत्पादन वाढतं. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही जंतूंचा अंश ओळखून जी-सीएसएफ सोडतं. त्यानं पेशींना मज्जेत धरून ठेवणारी पकड सैल होते आणि पेशींची घडण घाईच्या वेळच्या वळणावर जाते. लाल पेशींचं काम तेवढ्यापुरतं मागे पडतं. टायफॉइड मात्र याला अपवाद. त्याचे जंतू मज्जेतच ठाण मांडतात. म्हणून या तापात पांढऱ्या पेशी बऱ्याचदा उलट कमी दिसतात आणि निदानासाठी मज्जेचं कल्चर रक्ताच्या कल्चरपेक्षा भरवशाचं ठरतं.

१९८६ मध्ये जी-सीएसएफचा मानवी जनुक हाती आला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. केमोनंतर पांढऱ्या पेशी कोसळल्या की आपल्याकडच्या कॅन्सर वॉर्डांतही पोटावर किंवा दंडावर दिलं जाणारं ते छोटं इंजेक्शन हेच. घेणाऱ्यांची हाडं दुखतात, कारण आत मज्जा जोरात कामाला लागलेली असते.

शंकेखोरांना पुरतं उत्तर मिळालं ते १९९४ मध्ये. मेलबर्नमध्येच जी-सीएसएफचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्या निबंधावर मेटकाफ यांचंही नाव आहे. या उंदरांच्या रक्तात न्यूट्रोफिल जेमतेम पाव हिस्सा उरल्या आणि लिस्टेरियाच्या जंतूंना ते आवर घालू शकले नाहीत. मग २००० मध्ये तशाच उंदरांना कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग केला, तर जी-सीएसएफ नसतानाही त्यांच्या न्यूट्रोफिल वाढल्या. म्हणजे मज्जेपर्यंत खबर पोचवणारं आणखीही कुणीतरी आहे. इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू त्यातलाच एक आहे, पण तेवढ्यानं सगळा हिशेब लागत नाही.