एक आगर गोड, एक खारं

वसईजवळच्या नायगाव-जूचंद्रच्या माणसासमोर ‘आगर’ म्हणा, त्याला मिठागर दिसेल: खाडीचं पाणी कोंडलेले वाफे, बांधावर पांढरे ढीग, गवताची काडी नाही. तोच शब्द दापोली-गुहागरात काढा, ऐकणाऱ्याला घरामागच्या नारळी-पोफळीची सावली आठवेल. दोन्ही कोकणच. पण एका आगरात खारं पाणी मुद्दाम घ्यायचं, दुसऱ्यात ते शिरलं की झाडं मेली. वसईत बागायतीला ‘वाडी’ म्हणतात, त्यामुळे इथं घोटाळा होत नाही. मात्र देशावरचा पाहुणा वाडी म्हणजे गावाबाहेरची वस्ती समजतो आणि राजेळीच्या केळींत घरं शोधत बसतो.

काही जुळे शब्द तर नियमांनीच जन्माला घातले. पूर्वी ‘नांव’ कागदावर आणि ‘नाव’ पाण्यात असे. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही एक झाले. वसईच्या पाचूबंदरला आता नावेवर नाव रंगवतात. अनुस्वार गेला ते बरंच झालं. त्यापायी कुणी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

उच्चार वेगळा पण अक्षर एकच, ही गंमत च-ज-झ यांची. जून महिना आणि जून भेंडी, देवाचा जप आणि ‘पोराला जप’: कान फरक ओळखतो, देवनागरीला तो दाखवता येत नाही. गावात नवीन आलेला माणूस मराठी वाचायला शिकला तरी इथं हमखास अडतो.

खरी मौज उलट अर्थाची. ‘परवा’ मागेही जातो, पुढेही. आला की येणार, हे क्रियापदाने सांगायचं. ‘वाढणे’ त्याहून वस्ताद. नव्या बोटीपुढे नारळ वाढवला, पाहुण्यांना पानं वाढली, घरात पोरं वाढली, रात्री दिवा वाढवला. फुटणं, विझणं, बंद होणं हे शब्द अशुभ, म्हणून त्यांच्या तोंडावर वाढीचा मुखवटा. दुकानदार कुलूप लावतो तेव्हाही दुकान वाढवतोच. ‘अपरोक्ष’ची कथा निराळी: वेदान्तात त्याचा अर्थ साक्षात, प्रत्यक्ष, घरगुती मराठीत ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे पाठीमागे. व्याकरणाचे जाणकार ‘परोक्ष’ लिहा म्हणून बजावतात, पण इतक्या पिढ्या बोलत आल्यावर ती चूक कसली? मी तरी बोलणाऱ्यांच्या बाजूने.

2011 च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर होती, आणि त्यात हिंदी-गुजराती बोलणारे भरपूर. हिंदी-मराठीची लिपी एक, भाषा दोन, म्हणजे जुळ्यांचं नवं पीकच. विरार लोकलमध्ये ‘सीट खाली है?’ असं विचारलं की नवखा मराठी माणूस बाकाखाली बघतो. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘संसार’ त्यांना अख्खं जग, आपल्याला दोन खोल्या आणि हप्ते. आणि ‘उच्च शिक्षा’ हिंदीत विद्यापीठात मिळते, मराठीत ती द्यायला न्यायाधीश लागतो.